कुलूपबंद टाकीतलं पाणी

१

दाभोटे गावच्या घाटावर त्या सकाळी पुन्हा तेच घडलं. कौतिकने बोटीच्या मोटरचा दोर ओढला, मोटर एकदा खोकली आणि गप्प बसली. पुन्हा ओढला, पुन्हा गप्प. बोटीत तापीपल्याडच्या सांजोरीला जाणारी माणसं बसली होती. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग कौतिककडे, आणि मग पिशव्या उचलून एकेक जण काठावर उतरू लागला. वर रस्त्यावर नवलची जीप उभीच होती. पुलावरून जायचं तर भला मोठा वळसा पडायचा, पण जीप निदान चालू तरी व्हायची.

घाट मोकळा झाल्यावर कौतिकने मोटरला जाणारी नळी सोडवली आणि टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. बाटली उजेडाकडे धरली. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली नितळ पाण्याचा थर. धुळ्याच्या रेहान मेकॅनिकने मागच्या खेपेला हेच दाखवलं होतं. "ताई, मोटर एकदम ठीक आहे. टाकीत कोणीतरी पाणी टाकतंय," असं म्हणून तो गेला होता. मोटर आजारी नव्हती, तिला कोणी तरी आजारी पाडत होतं.

गंमत म्हणजे ही टाकी रात्रभर कौतिकच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत होती. पेट्रोल चोरीला जातं म्हणून ती रोज संध्याकाळी टाकी सोडवून घरी आणायची. त्या खोलीला खिडकी नाही, दाराला जाडजूड कुलूप, आणि कुलपाची एकुलती एक किल्ली कौतिकच्या मंगळसूत्रात ओवलेली.

सरपंच सुलक्षणाअक्का पायऱ्यांवर उभ्या राहून सगळं पाहत होत्या. बोट बचत गटाच्या बायकांना सरकारी योजनेतून मिळालेली. ती बाईने चालवायची की नाही यावर गावात बरीच वादावादी झाली होती आणि अक्कांनीच कौतिकच्या बाजूने कौल दिला होता. आता त्यांचाही जीव टांगणीला लागला होता.

"कौतिक, परवा आखाजी शे," अक्का अक्षय तृतीयेची आठवण देत म्हणाल्या. "उद्या पल्याडथून बठ्ठ्या माहेरवाशिनी येतीन. उद्या मोटर चालू नही व्हयनी ते बोट नवलकडे जाई. मंग मनाकडे रडत येवानं नही."

कौतिक रडली नाही. तिने पदराने हात पुसले आणि मामाला फोन लावला.

२

कौतिकचे मामा वना आबा जळगावात पिंप्राळ्याला राहत. आयुष्यभर पोलीस खात्यात घालवलेला माणूस, फौजदार म्हणून निवृत्त झालेला. अट्टल दरोडेखोरांना त्यांनी नुसत्या गप्पा मारता मारता कबुली द्यायला लावलं होतं. फोन आला तेव्हा ते गच्चीवर, सुनेच्या हुकमावरून, कुरडयांवरचे कावळे हाकत होते.

"मामा, कोनी तरी मना टाकीमा पानी टाकस."

"पोलिसात सांग."

"पोलीस पयले मालेच धरतीन. किल्ली मनाच गयामा शे."

आबांनी काठी खाली ठेवली. कुरडया कावळ्यांच्या स्वाधीन झाल्या आणि दुपारच्या गाडीने आबा नरडाण्याला उतरलेसुद्धा. सुनेला त्यांनी गाडीत बसल्यावर फोन केला, कारण शूर माणसानेही जिवाला जपावं लागतं.

स्टेशनबाहेर ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. गावात पोचेपर्यंत आबांच्या हातातली पाण्याची बाटली चहाइतकी गरम झाली. कौतिकने त्यांना माठातलं पाणी दिलं, पाया पडली आणि लगेच मुद्द्यावर आली. भाची तशी त्यांच्याच वळणाची.

आबांनी विचारलं, "हे कधीपासून चाललंय?"

"चैत लागना तवयपासून. हिवाळाभर काहीच नही. मोटर कशी वाघनी मायक चाले."

"रोज होतं?"

"रोज नही. पन व्हस ते सकायलेच. एकदाव टाकी धुईसन नवं पेट्रोल भरं का दिवसभर मोटर चालस. मंग दुसरी सकाय पुन्हा पानी."

"ज्या दिवशी होत नाही, त्या दिवशी वेगळं काय असतं?"

कौतिकने विचार केला. मग म्हणाली, आदल्या संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोटर हमखास चालू होते. टाकी अर्धी असली की घात.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. भरलेल्या टाकीला हात न लावता अर्ध्या टाकीतच पाणी ओतणारा चोर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"आणखी काही?"

कौतिक जरा अडखळली. "मी अमळनेरले लगनले गयथू. त्या रातले टाकी सासूबाईनी ठेयी. किल्ली बी त्यासनाजोडेच व्हती. त्या सकायले पानी नव्हतं."

आबांनी वर पाहिलं. म्हणजे कौतिक गावात असते तेव्हा पाणी, आणि नसते तेव्हा नाही. आपल्या जागी दुसरा कोणी फौजदार असता तर त्याने इथेच बेड्या काढल्या असत्या, हे आबांना चांगलं कळत होतं. ते उठून घाटाकडे निघाले.

३

संशयित दोघे होते आणि दोघेही घाटावरच सापडले.

पहिला नवल. अक्कांचा दीर, जीपवाला, गावातला स्वयंघोषित इंजिनियर. पंप, फवारा, मिक्सर, काहीही बिघडलं की त्याला बोलावलं जाई, आणि न बोलावताही तो येत असे. बोट बंद पडली की फायदा कुणाचा, तर त्याच्या जीपचा. शिवाय बोटीचं पेट्रोलही नरडाण्याहून कॅनमधून तोच आणायचा.

"बोट माले पाहिजे, फौजदार आबा. खोटं कसाले बोलू?" नवल जीपच्या बॉनेटला टेकून म्हणाला. "पन पेट्रोलमा पानी टाकानं काम मनं नही. हाई दखा."

त्याने कॅन उघडून बाटली भरून दिली. आबांनी ती बराच वेळ स्थिर धरून ठेवली. पेट्रोल वरपासून खालपर्यंत एकसारखं होतं, पाण्याचा थेंब नाही.

"मोटरचं तुला बरंच कळतं म्हणे."

एवढं म्हणायचीच खोटी. नवल फुलला. "मीच बसाडी मोटर! पयल्या दिवशी नदीना मधमा बंद पडनी, बठ्ठं गाव दखत व्हतं. का? टाकीना झाकनवर बारीक स्क्रू ऱ्हास, हवानं भोक. बाईनी तो बंद ठेयेल! हवा नही ते पेट्रोल कसं येई? मी बठ्ठासना समोर सांगं, हाऊ स्क्रू आते कधीच बंद करानं नही. तवयपासून तिनी हात नही लावा त्याले."

आबांनी मान डोलावली. नवलला बोट हवी होती हे खरं, पण तो ती उघड उघड मागत होता. चोरून वार करणारा माणूस असा बॉनेटला टेकून मोठ्याने बोलत नाही, हा आबांचा अनुभव होता.

दुसरा संशयित तोताराम नाना. कौतिकचा चुलत सासरा, पिढीजात नावाडी. मोटर येईपर्यंत सांजोरीची ने-आण त्याच्या वल्ह्यांवर चाले. आता त्याची होडी काठावर पालथी पडली होती आणि तो तिच्या सावलीत जाळं विणत बसला होता. गावात निम्म्या लोकांच्या तोंडी त्याचंच नाव होतं.

"लोक म्हणतात पाणी तुम्ही टाकता," आबा त्याच्या शेजारी टेकत म्हणाले.

"लोकेसले काय, तोंड शे." नानाने जाळ्यातून डोळे काढले नाहीत. "बाटली शे का ती? आना."

आबांनी सकाळची बाटली पुढे केली. नानाने ती नदीकडे धरली, एक डोळा मिटला, आणि आबांच्या हातात परत दिली.

"हाई पानी तापीनं नही. आते नदी दखा कशी हिरवी व्हयेल शे. वल्हं काढं ते हिरवं निघस. हाई पानी हीरनं शे. गाळेल, माठनं." मग थोडं थांबून तो म्हणाला, "मी नदीना मानूस. मी टाकतू ते नदीनंच टाकतू. माठ भरेल घर पाहा, फौजदार."

आबा उठले. विहिरीचं, गाळलेलं, माठातलं पाणी. म्हणजे पाणी घरातलं होतं, आणि टाकीच्या खोलीची किल्ली एकाच गळ्यात होती.

४

संध्याकाळी आबांनी ठरवलं की आता डोळ्यांदेखत पाहायचं.

कौतिक घाटावरून टाकी घेऊन आली. दिवसभर उन्हात तापलेली लाल टाकी हाताला चटका देत होती. आबांनी नळीतून बाटली भरून घेतली. टाकी धुऊन भरलेलं नवं पेट्रोल स्वच्छ होतं, टाकी अर्धी. कौतिकने ती पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली. खोली म्हणजे भट्टीच. सासू ताईबाई घरभर एकेका वस्तूची उन्हापासून सोय लावत होत्या, जशी खानदेशातली प्रत्येक बाई वैशाखात लावते. केळीच्या घडावर ओलं गोणपाट, माठाभोवती ओलं फडकं, दाराला ओली चादर. कौतिकनेही एक गोणपाट बादलीत बुचकळून टाकीवर घातलं, चारी बाजूंनी नीट खोचलं, एखाद्या लेकराला पांघरूण घालावं तसं. मग दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली.

आबांनी त्या दाराला आडवी खाट टाकली आणि तिच्यावर झोपले. कौतिकची किल्ली मागून आपल्या बनियनच्या खिशात ठेवली. आता मुंगीलासुद्धा फौजदारांची परवानगी काढावी लागणार होती.

सकाळी खाट जागची हललेली नव्हती. किल्ली खिशात होती. कुलूप तसंच होतं. आबांनी स्वतः दार उघडलं, स्वतः टाकी बाहेर आणली, स्वतः नळी बाटलीत सोडली.

खाली पाण्याचा थर जमला होता, बोटभर जाड.

कौतिकने बाटली त्यांच्या हातून घेतली आणि उजेडाकडे धरून पाहिली. उभ्या नोकरीत ते कधी इतके ओशाळे झाले नव्हते. चोर त्यांच्या पाठीखालून आत गेला होता, काम करून बाहेरही आला होता, आणि त्यांना जागही आली नव्हती.

एक गोष्ट मात्र पक्की झाली आणि तिने आबांच्या छातीवरचा दगड उतरवला. रात्री किल्ली त्यांच्याकडे होती. पाणी टाकायला कौतिक आत गेलेली नव्हती.

"कोनी गयाच नही मधमा," ताईबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "मायबाई, हाई ते भूतनं काम!"

"भूत माठातलं गाळलेलं पाणी वापरत नाही," आबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

५

उन्हं चढू लागली. पल्याडच्या काठावर रंगीत ठिपके जमायला लागले. माहेरवाशिणी आल्या होत्या. आबा ओसरीत सुन्न बसून होते. घशाला कोरड पडली म्हणून त्यांनी कालची गाडीतली प्लास्टिकची बाटली शोधली. ती अंगणात उन्हात राहिली होती. तळाशी घोटभर पाणी होतं, तेही कढत. आबांनी बूच घट्ट लावलं आणि बाटली माठाच्या ओल्या फडक्यात खोचून ठेवली. गार झालं की प्यायचं.

तेवढ्यात कौतिक आली. "मामा, तुम्हीन जा जळगावले. अक्कासले मी सांगस. बोट नवलले देई टाका."

"देऊन टाकू? एवढी शिकलीस ती देऊन टाकायला?"

"मंग काय करू?" तिचा आवाज फुटला. "हाई बोट चालाडानं माले लगनमा नेसाडेल शालूपेक्षा बी प्यारं शे, मामा. पन टाकी मना आईकत नही."

तिला पाणी द्यायला आबांनी माठाकडे हात नेला आणि तिथेच थबकले.

बाटली चेपली होती. कुणी मुठीत धरून आवळावी तशी तिची एक बाजू आत ओढली गेली होती. बूच घट्ट होतं आणि तिला कुणी हात लावला नव्हता. आबांनी बूच जरा सैल केलं. बाटलीने सुर्र करून हवा आत ओढली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

आबा तिच्याकडे पाहत राहिले. गरम बाटली ओल्या फडक्यात गार झाली, आणि तिला तहान लागली. बूच बंद होतं म्हणून ती चेपली. बूच सैल असतं तर? तर तोंडाशी जे असेल ते ती प्यायली असती.

"कौतिक," ते हळूच म्हणाले, "तुझ्या सासूबाईंनी टाकी ठेवली, त्या दिवशी तिच्यावर गोणपाट घातलं होतं का?"

उत्तर ताईबाईंनीच आतून दिलं. "नही ना बाबा! नवं वासरू धापा टाकत व्हतं. त्यानावर टाकं मी ते पोतं."

वना आबा उठले आणि त्यांनी टोपी डोक्यावर अशी ठेवली, जशी ते अटक करायला निघताना ठेवत.

"अक्कांना घाटावर बोलव. नवलला बोलव. तोताराम नानांना बोलव. आणि ताईबाई, घरात नीळ आहे का, कपड्यांना घालायची?"

६

घाटावरच्या शेडखाली सगळं गाव लोटलं. पल्याडच्या काठावरून बायका हात हलवत होत्या. अक्का खुर्चीत बसल्या होत्या, चेहरा कडक.

आबांनी टाकी धुऊन नवलच्या कॅनमधलं पेट्रोल अक्कांच्याच हाताने तिच्यात अर्ध्यापर्यंत भरवलं. बाटलीत काढून सगळ्यांना दाखवलं. झाकण लावलं, झाकणावरचा स्क्रू नेहमीसारखा उघडाच ठेवला, आणि टाकी भर उन्हात वाळूवर ठेवली. विडीवाल्यांना लांब उभं केलं. टाकी चांगली तापल्यावर ती शेडच्या सावलीत घेतली. मग बादलीभर पाण्यात नीळ कालवली, गोणपाट त्या निळ्या पाण्यात बुचकळलं आणि निथळतं तसंच टाकीवर पांघरलं. टाकीला खेटून खुर्ची टाकली आणि नवलला म्हणाले, "बस इथे. कुणी हात लावला तर हाताला धर."

नवल बसला. गाव बघत राहिलं. गोणपाटाखालून बारीक आवाज येऊ लागला, लेकराने वाटीतलं दूध फुरकावं तसा. नवलने कान लावला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

बऱ्याच वेळाने आबांनी गोणपाट काढलं. झाकणाभोवती टाकीला बशीसारखा खोलगट भाग होता, त्यात अजून थोडं निळं पाणी साचलेलं होतं. आबांनी नळी बाटलीत सोडली आणि बाटली उंच धरली.

वर पिवळं पेट्रोल, खाली निळा थर.

गर्दीतून एकदम गलका उठला. पुढच्यांना दिसलं ते मागच्यांना हवं होतं, मागचे पुढे घुसले.

"आता ऐका," आबा म्हणाले. बऱ्याच वर्षांनी त्यांना असा दरबार मिळाला होता आणि ते त्याचं सोनं करणार होते. "टाकीत कोणी पाणी टाकलं नाही. टाकी स्वतः प्यायली. दिवसभर उन्हात टाकीतली हवा फुगते आणि या स्क्रूच्या भोकातून बाहेर जाते. संध्याकाळी वरून ओलं गोणपाट पडलं की टाकी गार होते, आतली हवा आकसते, आणि भोकाशी जे सापडेल ते आत ओढते. सापडतं काय? गोणपाटातून निथळून या बशीत साचलेलं पाणी. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवाच नाही, मग ओढणार काय? हिवाळ्यात ऊन नाही, गोणपाट नाही, म्हणून पाणी नाही. आणि कौतिक लग्नाला गेली त्या रात्री गोणपाट वासराच्या अंगावर होतं."

ताईबाईंनी पदर तोंडाला लावला. तोताराम नाना मागे उभा होता. त्याच्याकडे पाहून दोन-तीन जणांनी माना खाली घातल्या, आणि नानाने त्या नीट पाहून घेतल्या.

पण नवल खुर्चीतून उठला. "म्हंजे पानी कौतिकनीच टाकं! गोनपाट तिनंच शे ना?"

सगळ्यांच्या माना कौतिककडे वळल्या. आबांनाही याच प्रश्नाची भीती होती. खरं सांगितलं की भाचीच अडकणार, हे त्यांना ओसरीतून निघतानाच माहीत होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण कौतिक पुढे झाली.

"हा, गोनपाट मीच टाकं," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. "इतला उन्हामा पेट्रोलनी टाकी भडकी जाई अशी माले भीती वाटे. घरमा केळं झाकतस, माठ झाकतस, तशी मी टाकी झाकी. चुकनू मी. पन नवलभाऊ, स्क्रू उघडा ठेवाले कोनी सांगं? तुम्हीन. बठ्ठासना समोर. मोटर चालस तवय तो उघडाच पाहिजे, हाई खरं शे. पन मोटर बंद करी का तो बी बंद कराना, हाई तुम्हीन सांगं नही अन मी इचारं नही. पोतं मनं, भोक तुमनं. दोन्हीसनी मियीसन पानी टाकं."

आधी तोताराम नाना हसला, मग शेडभर हशा पिकला. नवल कान खाजवू लागला. अक्कांनी हसू ओठात दाबलं आणि हात वर केला.

"बरं. भांडन मिटनं. आते दोन्हीसमाईन मोटर कोन चालू करस ते दखू. जो करी, बोट त्यानी. नवल, तू पयले."

७

नवलने गडबड केली नाही. टाकी रिकामी करून पुसून काढली, कोरडं पेट्रोल भरलं, नळी जोडली. आबांना मनातून मान्य करावं लागलं की गड्याच्या हाताला सफाई आहे. मग त्याने बाह्या सारल्या आणि दोर ओढला.

मोटर खोकली. पुन्हा ओढला, पुन्हा खोकली. नवलचा सदरा घामाने पाठीला चिकटला, दंड भरून आले, तरी तो ओढतच राहिला. शेवटी मोटर खोकायचीसुद्धा थांबली. पेट्रोलचा भपकारा सुटला आणि नवल दोर सोडून बोटीच्या कडेवर बसला.

"हाई आते चालू व्हवाव नही," तो धापा टाकत म्हणाला. "रेहानले बलावा धुळाथून."

आबांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. रेहानला विचारून भाचीच्या कानात दोन शब्द सांगावेत असं त्यांना फार वाटलं.

"नका, मामा," कौतिक म्हणाली. तिने ते बघितलं होतं.

ती बोटीत उतरली. मोटरचं वरचं झाकण काढलं. टाकी धुतली होती, पण काल बोट निघालीच नव्हती, त्यामुळे काल सकाळचं पाणी अजून मोटरच्या आतच होतं, आणि कुठे ते तिला ठाऊक होतं. कार्बोरेटरच्या पोटाखाली एक छोटा स्क्रू असतो. तो तिने सैल केला आणि खाली तळहात धरला. पाण्याचे थेंब हातावर पडले. तिने नळीवरचा रबरी फुगा दाबला, आणखी पाणी आलं. तळहातावर पाणी यायचं थांबून पेट्रोलचा गार चटका बसेपर्यंत ती दाबत राहिली. मग स्क्रू आवळला. प्लग काढला, तो ओलाचिंब होता. पदराने पुसला, फुंकला, उन्हात धरला, पुन्हा बसवला. टाकीच्या झाकणावरचा स्क्रू उघडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चालताना उघडा." फुगा दगडासारखा घट्ट होईपर्यंत दाबला.

घाटावरची माणसं पुढे सरकली. पल्याडच्या बायकाही उभ्या राहून बघत होत्या. आबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती चुरगळून तिचा बोळा झाला होता.

कौतिकने दोर धरला, एक पाय कडेला रोवला आणि ओढला.

मोटर अशी कडाडली की काठावरचे बगळे उडाले.

मग जे काही झालं त्याला गावात अजून तोड नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बचत गटाच्या बायकांनी टाळ्या पिटल्या, ताईबाई वाळूतच फुगडी घालायला लागल्या आणि त्यांना जोडीला तोताराम नाना सापडला. नवल बोटीतून उतरला, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि कुणी न सांगता त्याने बोटीला खांदा लावला.

"ढकलू का, वहिनी?" त्याने विचारलं.

वना आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. नोकरीत त्यांना बक्षिसं मिळाली होती, बढती मिळाली होती, पण तुरुंगात घातलेल्या कुठल्याच चोराने त्यांना असा आनंद दिला नव्हता. इथे चोरच नव्हता, आणि त्यांची भाची पाण्यावर उभी होती.

बोट निघणार इतक्यात पायऱ्यांवरून हाक आली. "थांब वं, कौतिक!"

सुलक्षणाअक्का नऊवारीचा ओचा सावरत खाली येत होत्या. बोट गावात आल्यापासून त्यांनी तिच्यात कधी पाय ठेवला नव्हता. पाण्याची भीती म्हणून त्या नेहमी पुलावरून जीपने जायच्या. नवलने हात दिला, पण त्यांनी तो धरला नाही. बोट हलली तशा त्या जागीच थिजल्या, मग दात आवळून आत आल्या.

"अक्का, तुमले पल्याड काय काम शे?" कौतिकने मोटरच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"काम कसानं?" अक्का ओरडून म्हणाल्या. त्यांचे डोळे सांजोरीच्या काठावर होते, आणि तिथली एक पांढऱ्या केसांची बाई हातातल्या छत्रीचं टोक वर करून हलवत होती. "मनं बी माहेर तठेच शे. माय काठवर उभी शे मनी."

कौतिकने हँडल धरलं.

"मंग मधमा बसा, अक्का. अन मी सांगस तवयलोंग उठानं नही."

सरपंचबाई मुकाट्याने मधोमध बसल्या, आणि बोट निघाली.